घाडीकाकांचं जड चाक

परवा आमच्या डिझाइन विभागात नव्याने लागलेल्या एका मुलीने मला पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग दाखवायला आणलं. ड्रॉइंग बरं होतं. मी ते सावकाश पाहिलं, एका स्प्रिंगवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काढलं तर काय होईल?" ती गोंधळली. मीही गोंधळले, कारण वाक्य माझं नव्हतंच. वाक्य होतं शांताराम घाडीगावकरांचं. पंधरा वर्षांपूर्वी तिच्यासारखीच नवी असताना ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढे इतक्या वेळा ऐकलं की आता ते माझ्याच तोंडात येऊन बसलंय.

घाडीगावकर आमच्या भांडुपच्या कंपनीत टूलरूमचे, म्हणजे साचे नि सुटे भाग घडवणाऱ्या खात्याचे, प्रमुख होते. एवढं मोठं आडनाव घ्यायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून सगळे त्यांना घाडीकाका म्हणत. बुटके, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात सहा इंची स्टीलची पट्टी नि लाल पेन्सिल. टूलरूममध्ये उभं आयुष्य काढून शर्टावर तेलाचा एक डाग नाही, हे कसं जमायचं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं कागदावर छापून त्यांच्याकडे न्यायची, आणि त्यांनी ती लाल करून परत द्यायची, असा रिवाज होता.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरला वजन कळतं का गं?" ते विचारायचे.

"कळतं की काका. ग्रॅमपर्यंत सांगतो."

"सांगतो. उचलतो का?"

इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आलेली मी, पहिले सहा महिने त्यांच्यावर मनातून भयंकर चिडलेली होते. सातव्या महिन्यात मी काढलेला एक भाग त्यांनी न बदलता बनवून दिला. तो टेबलावर ठेवताना डोळे मिटून एकदा त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यातून काय काढायचं ते मला सुचलं नाही." इतकं मोठं कौतुक माझं अजून कुणी केलेलं नाही, नवऱ्याने तर नाहीच.

ते निवृत्त झाले तेव्हा ते आता गावी, देवगडकडे जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. ते गेले कांजूरमार्गला. तिथल्या एका औद्योगिक वसाहतीत त्यांनी एक गाळा घेतला. दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी ते मुलुंडला माझ्या घरी हजर. हातात गुंडाळी. सासूबाईंनी पोहे दिले, ते त्यांनी बाजूला सरकवले आणि टेबलावर कागद पसरला.

"एक इंजिन करायचंय. फोर स्ट्रोक. साधं. तू मला ड्रॉइंगं काढून दे."

"पंपासाठी?"

"मोटारसायकलसाठी. ट्रायल्सच्या."

मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. मग काकांनी पोह्यांची बशी पुढे ओढून तिच्यात मला ट्रायल्स समजावून दिली. शेंगदाणे म्हणजे दगड, मिरची म्हणजे ओढा. ही शर्यत नव्हे. वेगाला इथे काही किंमत नाही, माणूस चालेल तेवढ्याच वेगाने जायचं. पण जायचं दगडांवरून, चिखलातून, उभ्या चढावरून आणि तेही पाय जमिनीला न टेकता. पाय टेकला की एक गुण. गाडी थांबली किंवा पडली की पाच. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला.

"म्हणजे शून्य मिळवायचा?"

"शून्य मिळवायचा. शाळेत मला आपोआप मिळायचा," काका म्हणाले आणि मग त्यांनी दगडांसकट पोहे खाल्ले.

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. घाडीकाकांना मी कधी दुचाकीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. कंपनीत कुणी मागे बसा म्हटलं तर, "मला बॅलन्स नाही," म्हणून बसची वाट बघत उभे राहायचे. आणि हा माणूस मोटारसायकलचं इंजिन करणार!

मी उत्साहाने कामाला लागले. चार व्हॉल्व्ह, ते उघडायला वर दोन कॅम, तेल थंड ठेवायला ऑइल कूलर, बटणाने सुरू होण्याची सोय. आठ दिवसांनी गाळ्यावर कागद घेऊन गेले. काकांनी लाल पेन्सिल काढली आणि भाजी निवडावी तसे एकेक भाग निवडून बाजूला केले. चारातले दोन व्हॉल्व्ह गेले. वरचे कॅम गेले, खाली एकच राहिला. कूलर गेला. "चालण्याच्या वेगाने जाणाऱ्याला घाम पुसायला टॉवेल कशाला?" बटण गेलं, त्याची बॅटरी गेली, तिची वायर गेली.

"काका, अशाने इंजिनच जाईल."

"जितकं कमी, तितकं बंद पडायला कारण कमी," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हे इंजिन बंद पडता नये, अनघा. एवढंच पाहिजे. बाकी काही नाही झालं तरी चालेल."

एक गोष्ट मात्र ते वाढवत होते, फ्लायव्हील. इंजिनाच्या पोटातलं हे जड चाक. पेट्रोलचा भडका एकदा उडून पुढचा उडेपर्यंतच्या रिकाम्या वेळात इंजिनाला फिरतं ठेवायचं, हे त्याचं काम. मी काढलेलं चाक त्यांनी जड करायला सांगितलं, मग आणखी जड, मग आणखी. आणि दोन गोष्टी त्यांनी स्वतःहून घातल्या, ज्यांचा मला अर्थच लागेना. किक नेहमीसारखी उजवीकडे न ठेवता डावीकडे घेतली, त्यासाठी दोन जादा गिअर आले. आणि किक हलकी बसावी म्हणून एक छोटी दांडी आली. मला एक स्क्रू वाढवू न देणारा माणूस हे काय करतोय? मी विचारलं. "असू दे," म्हणाले. "असू दे" हा शब्द काकांच्या तोंडी शोभत नव्हता.

गाळ्यात आणखी एक माणूस असायचा. काकांचा धाकटा भाऊ बबन, साठीचा, उंच, बोलका. खिडकीपाशी स्टुलावर बसून ड्रिलना धार लावायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायचा. त्याचा उजवा गुडघा वाकत नसे. पाय समोर लांब काढून बसायचा आणि गाळा चिंचोळा असल्यामुळे आम्ही सगळे दिवसभर तो पाय ओलांडत असू. "टोलनाका आहे माझा," तो म्हणायचा. मी त्यालाही काका म्हणू लागले. त्या पायाचा आणि डावीकडच्या किकचा संबंध लावायला मला, डिग्रीवाल्या बाईला, चार महिने लागले. उजव्या पायाने ज्याला किक मारता येत नाही अशाच कुणासाठी ते इंजिन होतं. पण बबनकाकांच्या देखत मी तो विषय काढला नाही.

कुर्ल्याच्या भंगारातून एका जुन्या गाडीचं सिलिंडर आलं, बाकीचं काकांनी हाताने केलं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं त्या दिवसाची आठवण काढली की मला आजही हसू आवरत नाही. शेजारच्या गाळ्यात लग्नपत्रिका छापायचे. त्यांचे शहाभाई पत्रिकांचे गठ्ठे दोन्ही गाळ्यांमधल्या बोळात सुकत ठेवायचे. काकांनी काढत काढत इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी बारीक नळीसुद्धा काढून टाकली होती. इंजिन दहा मिनिटं सुरेख चाललं, मग कोंडलेल्या हवेने सील उडवलं आणि तेलाची पिचकारी थेट कुणाच्या तरी शुभविवाहावर गेली. शहाभाईंनी ओरडून गाळा डोक्यावर घेतला. काका हात जोडून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी आणि बबनकाकांनी नव्या पत्रिका घड्या घालून पाकिटांत भरल्या, हळदीकुंकवाच्या बोटांसकट.

"वाट लावलीस ना लग्नाची!" बबनकाका म्हणाले.

"एक भाग जास्त काढला गेला," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी नळी परत आली.

त्यानंतर इंजिन रोज अर्धा तास चालायचं. काका समोर बसून ऐकायचे. ते इतकं सावकाश चालायचं की ठोके मोजता येत, आणि काका ते खरोखर मोजत, ओठांतल्या ओठांत. पण त्यांची एक सवय मला विचित्र वाटे. सुरू करायचं बटण गेलं होतं, तरी इंजिन बंद करायला एक बटण होतं, साधं दाबायचं. काका ते कधीच दाबत नसत. ते पेट्रोलची चावी फिरवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत दोनतीन मिनिटं जायची. एकदा मीच घाईने बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी माझ्याशी आवाज न चढवणारा माणूस, पण पकड चांगलीच घट्ट होती.

"आपण नाही बंद करायचं. त्याचं त्याला पुरं करू दे."

मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ.

खंडेनवमीला काकांनी गाळ्यावर बोलावलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यांची पूजा करायची. टेबलावर लाल कापड घातलं होतं. त्यावर व्हर्निअर, हातोडी, कानशी, लेथची हत्यारं, सगळी पुसून ओळीत. प्रत्येकावर झेंडू. आणि मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, एक जुनं फ्लायव्हील. तेल लावून जपलेलं, पण कडेने पातळ, खरवडून घेतल्यासारखं. हे काही आमच्या इंजिनाचं नव्हतं.

काका नारळ आणायला खाली गेले होते. मी बबनकाकांना विचारलं.

"ते? ते माझ्या गाडीचं," बबनकाका म्हणाले. एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्याला टवाळीची शेपटी असायची, ती या वेळी नव्हती. "तेव्हा घाटकोपरला बंद पडलेली खाण होती ना, तिथे आम्ही पोरं दर रविवारी ट्रायल्स खेळायचो. मी चालवायचो, दादा गाडी बनवायचा. पाय टेकायचो नाही मी. मग दादाच्या डोक्यात आलं, चाक हलकं केलं की इंजिन पटकन उचलतं. लेथवर लावून सव्वा किलो काढलं. झकास उचलायची, यार! शेवटच्या चढावर, निम्म्यावर, बंद पडली. गाडी मागे आली माझ्या अंगावर. पाय टेकला तो दोन दगडांच्या मध्ये." त्यांनी गुडघ्यावर टिचकी मारली. "एक गुण लागला."

"काका काही बोलले?"

"काय बोलणार? दोघंही नाही बोललो त्यावर कधी. पडलो मी, पण गाडीवर बसायचं सोडलं त्याने. बॅलन्स नाही म्हणतो! माझ्याहून चांगला चालवायचा तो." मग खाली बघत म्हणाले, "आता डॉक्टर म्हणतात, होळीच्या आत गुडघा बदलून घ्या. नवा गुडघा बसला की दगडांतली गाडी कायमची बंद. म्हणून दादाची घाई चाललीय. मला एकदा वर नेऊन सोडायचंय त्याला."

काका नारळ घेऊन आले. त्यांनी तो फोडला, पाणी आधी त्या पातळ चाकावर शिंपडलं, मग बाकीच्यांवर. मी प्रसाद घेतला आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. एवढी वर्षं लाल पेन्सिलीने जग हलकं करत आलेला माणूस, आणि त्याने नको तिथे सव्वा किलो काढलं होतं. मला रडू आलं, ते मी उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

पुढच्याच आठवड्यात काका मला म्हणाले, "चल, चढ बघून येऊ." रिक्षाने घाटकोपरला गेलो. खाणीच्या जागी टॉवर उभा होता, बावीस मजली. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "किसके पास जाना है?"

"चढ बघायचाय," काका म्हणाले.

वॉचमनने थोडा विचार करून गाड्यांच्या पार्किंगकडे जाणारा सिमेंटचा उतार दाखवला. काकांनी त्या उताराकडे असं पाहिलं, की मला त्या बिल्डरची दया आली. "यावरून तर मी पण जाईन," ते पुटपुटले. मग ते इमारतीच्या मागच्या अंगाला गेले, जिथे विजेच्या खोलीमागे जुन्या चढाच्या काळ्या दगडाचा एक सुळका तोडायचा राहून गेला होता. त्यावर कुणीतरी चुन्याने सोसायटीचं नाव लिहिलेलं. काका त्याला भिडून उभे राहिले. खिशातून पट्टी काढली, दगडाला लावून पाहिली, तिरपेपणाचा अंदाज घेतला आणि लाल पेन्सिलीने तळहातावर एक आकडा लिहिला. मला सगळं माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा असेलही. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "आणखी अर्धा किलो घालू या चाकात."

मुलुंडपलीकडे काकांच्या ओळखीच्या एकाची बंद पडलेली खडीची खाण होती. तळहातावरच्या आकड्याशी जुळणारा चढ त्यांना तिथे सापडला. होळीला तीन आठवडे राहिले होते. रविवारी सकाळी आम्ही तिघंच तिथे गेलो. इंजिन सांगाड्यात बसवून तयार झालेली गाडी टेम्पोतून आली होती. त्या गाडीला नीटसं सीटही नव्हतं, कारण ट्रायल्समध्ये उभ्यानेच चालवतात. काकांनी तेही काढलं असतं म्हणा!

बबनकाकांनी हेल्मेट घातलं, गुडघ्याला पट्टा बांधला. त्यांनी छोटी दांडी दाबली, डाव्या पायाने किक मारली आणि इंजिन सुरू झालं. चढाच्या पायथ्याशी काका त्यांच्या शेजारी उभे राहिले. गावच्या बोलीत हळूच म्हणाले, "रेस दी नको. ता आपसूक जातला."

गाडी निघाली. काका तिच्या बाजूने चालू लागले. पांढरा शर्ट, चपला, एक हात गाडीपासून वीतभर अंतरावर, न टेकवलेला. चालायच्या वेगाने जाणारी गाडी, तिच्यासोबत चालणारा म्हातारा आणि मागून धापा टाकणारी मी. खडी सरकत होती, पण ठोके ठाम पडत होते. काका मोजत होते, मला मागून ऐकू येत होतं.

निम्म्यावर एक मोठा दगड होता. पुढचं चाक त्यावर चढलं, गाडी थबकली आणि बबनकाकांची मूठ एकदम सैल झाली. रेस सुटली. मी मागून ते स्पष्ट पाहिलं. एक ठोका पडला. काकांचं मोजणं थांबलं. पुढचा ठोका येईना. मला वाटलं संपलं. मी दोन्ही हात पुढे केले, जशी काही मी ती गाडी झेलणार होते.

मग ठोका आला. अगदी खोलातून आल्यासारखा, पण आला. पाठोपाठ दुसरा. जड चाकाने गाडी दगडावरून ओढून पलीकडे नेली आणि ती पुन्हा आपल्या चालीने चालू लागली. काकांनी मोजायला पुन्हा सुरुवात केली ती थेट एकपासून.

वर पोचल्यावर काकांनी हँडल धरलं. इंजिन चालूच होतं. बबनकाकांचे दोन्ही पाय अजून वरच होते. त्यांनी हेल्मेटची काच उघडली. चेहरा घामाने भिजला होता, की आणखी कशाने, ते मी पाहिलं नाही.

"दादा," ते म्हणाले, "त्या दिवशीपण असाच झाला. इंजिनाची काय चूक नाय हुती. मीच भियालंय नि रेस सोडलंय. तुका कधी सांगूक धीर झालो नाय."

त्या अपघातानंतरची पस्तीसेक वर्षं त्या दोघांनी एकाच घरात काढली होती. मी काकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचं ओझं उतरल्याचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल असं मला वाटलं. तसं काही दिसलं नाही. एखाद्या शिकाऊ माणसाने चुकीचं माप सांगावं तसे ते भावाकडे बघत होते.

"तुका काय कळता इंजिनातला," काका म्हणाले. "माणूस भियाचोच. रेस सोडलंस तरी ता बंद पडूक नको हुता. चाक तेच्यासाठीच आसता."

इंजिन अजून त्यांच्यामध्ये ठोके देत होतं.

आता ते दोघे देवगडकडे गावीच असतात. बबनकाकांचा गुडघा नवा झालाय, गाळ्यात दुसरंच कुणीतरी आलंय. काकांचा फोन येतो, ड्रॉइंगमधून काय काय काढलं ते विचारतात. पण मला घाडीकाका म्हटलं की दिसतात ते त्या खाणीच्या माथ्यावरचे. एका हाताने हँडल धरलेलं, शर्टावर पहिल्यांदाच चिखल. त्यांनी दुसरा हात पुढे केला. पेट्रोलच्या चावीकडे गेला नाही तो. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. इंजिन थांबलं.

मग भावाच्या खांद्याला धरून ते म्हणाले, "आता ठेव पाय खाली."